सानियाचं करिअर २००७ ला संपलं म्हणणाऱ्यांसाठी

ताई, तुमचे दोन प्रश्न. एक, मिस्टर म्हणतात की सानिया मिर्झा २००७ लाच संपली आणि पुढं सगळी घसरणच होती, तर मग ती २०१५ ला नंबर वन कशी झाली, सीझनवार सांगा. दुसरा लेकीचा, की क्लासमध्ये तिला डबल्स जास्त खेळवतायत त्याचं टेन्शन घ्यावं का. पहिल्याचं उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मिस्टर बघतायत तो सिंगल्सचा आकडा. ऑगस्ट २००७ मध्ये ती सिंगल्सला २७ नंबरवर होती, त्याच्यावर कधीच गेली नाही, तेवढंच बघितलं तर त्यांचं बरोबरच हाय की. पण त्याच सीझनमध्ये दुसरं एक चालू होतं आणि तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं, तिथं येतोच.

आधी २००५. ऑस्ट्रेलियन ओपन म्हणजे आपल्याकडं सोलापुरात जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, पहाटे उठून टीव्ही लावायचा. अठरा वर्षांची पोरगी वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर घुसते आणि थेट तिसऱ्या राऊंडला जाते, तिथं सेरेनाकडून ६-१, ६-४ हरते, पण दुसऱ्या सेटमध्ये तिनं जे फोरहँड मारले ते बघून भारतात टेनिस न बघणारे पण बघायला लागले. फेब्रुवारीत घरच्या हैदराबादला फायनलमध्ये अल्योना बोंडारेन्कोला हरवून डब्ल्यूटीए म्हणजे बायकांच्या प्रोफेशनल टेनिसचं टायटल, भारतीय बाईचं सिंगल्समधलं पहिलंच. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आपल्या तेलुगू मित्रांचा तेव्हाचा रुबाब काय सांगू, जणू सख्खी बहीणच जिंकली. नंतर दुबईत कुझनेत्सोवाला हरवलं, जी तेव्हा यूएस ओपनची चॅम्पियन होती, आणि सप्टेंबरमध्ये स्वतः यूएस ओपनच्या चौथ्या राऊंडला, तिथं शारापोव्हाकडून हरली. आदल्या वर्षी पहिल्या दोनशेच्या बाहेर असलेली पोरगी वर्षाअखेर ३१ वर.

२००६ मध्ये लोकांनी लगेच शिव्या घालायला सुरुवात केली कारण ती ६६ पर्यंत खाली आली. इथं रँकिंगचा हिशोब समजून घ्या, नाहीतर कुठल्याच खेळाडूचं करिअर वाचता येणार नाही. पॉइंट बावन्न आठवडे टिकतात. म्हणजे हैदराबादला मिळवलेले पॉइंट पुढच्या फेब्रुवारीत आपोआप उडाले, तेवढेच परत मिळवले तर तुम्ही आहात तिथंच, नाही मिळवले तर खाली. मोठ्या सीझननंतरचं वर्ष हे असं आदल्या वर्षाची उधारी फेडण्यात जातं, वर समोरच्या पोरींना आता तुमचा खेळ माहिती झालेला असतो. सानियाची सेकंड सर्व्हिस (पहिली चुकल्यावर मिळणारी दुसरी) कच्ची होती हे सगळ्यांना कळलं होतं, सगळ्या आत येऊन तिथंच मारायच्या. तरी वर्षाअखेर दोह्याच्या एशियन गेम्समध्ये लिअँडर पेसबरोबर मिक्स्डचं (एक बाई, एक पुरुष अशा डबल्सचं) गोल्ड आणि सिंगल्सचं सिल्व्हर आणलंच.

आता २००७. अमेरिकेतल्या हार्ड कोर्टच्या सीझनमध्ये स्टॅनफर्डची फायनल गाठली, चाकवेताझेकडून हरली, रँक २७. पण त्या एका वर्षात तिनं डबल्सची चार टायटल जिंकली, आणि चारही वेगवेगळ्या पार्टनरबरोबर. मोरोक्कोत व्हानिया किंग, सिनसिनाटीला बेथनी मॅटेक, स्टॅनफर्डला शहार पीअर, न्यू हेवनला मारा सँतांजेलो. बघा की, पार्टनर बदलला तरी निकाल बदलत नाही, म्हणजे डबल्सचं अंग तिचं स्वतःचं आहे. पेपरवाले मात्र सिंगल्सच्या सत्तावीसमध्येच अडकले होते.

मग २००८ ला मनगट गेलं. बीजिंग ऑलिम्पिकची सिंगल्स मॅच अर्धवट सोडली, मनगटाचं ऑपरेशन झालं. तिचा सगळा खेळ त्या मनगटाच्या झटक्यावर होता, त्यामुळं सिंगल्समध्ये पुन्हा तेवढी धार आली नाही असं माझं मत. पण २००९ च्या जानेवारीत महेश भूपतीबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनचं मिक्स्ड, पहिलं ग्रँड स्लॅम. २०१० ला दिल्ली कॉमनवेल्थमध्ये सिंगल्सचं सिल्व्हर. २०११ ला व्हेस्निनाबरोबर इंडियन वेल्स जिंकलं आणि फ्रेंच ओपनची डबल्स फायनल खेळली, २०१२ ला परत भूपतीबरोबर फ्रेंचचं मिक्स्ड.

माझ्या मते तिच्या करिअरमधला सगळ्यात मोठा निर्णय याच्यानंतरचा. सव्वीस वर्षांची असताना तिनं सिंगल्स सोडलं. हा निर्णय सोपा नसतो, कारण डबल्सला पैसा कमी आणि टीव्हीवर तर कुणी विचारत नाही. पण मनगट आणि गुडघे घेऊन दोन्ही खेळत बसली असती तर दोन्हीकडं चाळीस-पन्नास नंबरला घुटमळली असती. सोडल्यावर काय झालं बघा, २०१३ ला डबल्सची पाच टायटल, २०१४ ला ब्रुनो सोआरेसबरोबर यूएस ओपनचं मिक्स्ड आणि कारा ब्लॅकबरोबर सिंगापूरला वर्षाअखेरची डब्ल्यूटीए फायनल्स, तीही ६-१, ६-० अशी धुऊन.

आणि २०१४ चं आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे इंचॉन एशियन गेम्स. तिथं साकेत मायनेनीबरोबर गोल्ड आलं ते आलंच, पण वुमेन्स डबल्सचं ब्राँझ तिनं जिच्याबरोबर जिंकलं ती प्रार्थना ठोंबरे, आपल्या बार्शीची. पुढं २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला पण हीच जोडी होती, चीनच्या झांग शुआई आणि पेंग शुआईकडून तीन सेटमध्ये हरल्या. जिल्ह्यात निम्म्या लोकांना हे माहिती नाही, क्रिकेटचा अंडर-फोर्टीनचा स्कोअर मात्र पाठ.

२०१५ च्या सुरुवातीला पार्टनर शे सू-वे होती, जमेना म्हणून मार्चमध्ये मार्टिना हिंगिसबरोबर आली. इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन, लागोपाठ तीन टायटल आणि १३ एप्रिलला सानिया डबल्समध्ये नंबर वन. मागून सानियाचा फोरहँड आणि नेटवर हिंगिसचे हात आणि डोकं, समोरच्यांनी बॉल टाकायचा कुठं? विम्बल्डन फायनलमध्ये तिसऱ्या सेटला २-५ मागं होत्या, मध्येच छत बंद केलं, आणि ७-५ नं काढली. मग यूएस ओपन, मग डब्ल्यूटीए फायनल्स, मग २०१६ चं ऑस्ट्रेलियन. सलग ४१ मॅच हरल्या नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जोडी फुटली, पण तोवर चौदा टायटल झाली होती. नंबर वनवर ती एकूण ९१ आठवडे होती. मिस्टरना हा आकडा सांगा.

पुढचं पटकन. २०१७ मध्ये गुडघ्यानं सीझन खाल्ला, २०१८ ला मुलगा झाला, दोन वर्षांवर गॅप आणि २०२० ला परत येऊन पहिलीच होबार्टची स्पर्धा नादिया किचनोकबरोबर जिंकली. २०२१ ला ऑस्ट्राव्हा, ते त्रेचाळिसावं आणि शेवटचं डबल्स टायटल. २०२२ ला थांबणार होती, कोपराच्या दुखण्यामुळं तसं थांबायला नको म्हणून पुढं ढकललं, २०२३ ला रोहन बोपण्णाबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनच्या मिक्स्ड फायनलपर्यंत गेली आणि फेब्रुवारीत दुबईला शेवटची मॅच खेळली.

आता लेकीचं. तेरा वर्षांच्या मुलीला डबल्स खेळवतायत म्हणजे सिंगल्समधून काढलं असं नाही हो. रिटर्न, नेटचा खेळ, सर्व्हिस कुठं टाकायची, हे डबल्समध्ये लवकर सुधारतं, आणि पुढं आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस संघटनेच्या) ज्युनिअर स्पर्धा खेळायला लागली की तिथल्या रँकिंगमध्ये डबल्सच्या पॉइंटचा पण हिस्सा धरतात. सानियाचं २००३ चं ज्युनिअर विम्बल्डन डबल्सचंच होतं, क्लेबानोवाबरोबर. फक्त एवढं विचारा की आठवड्यात सिंगल्सच्या प्रॅक्टिस मॅच किती होतात. अजिबातच होत नसतील तर कोचशी बोला, बहुतेक कोर्ट कमी आणि पोरं जास्त म्हणून चौघा-चौघांना एकत्र उतरवत असतील. तसं असेल तर एप्रिल-मेमध्ये पहाटेची बॅच मागून घ्या. साडेपाचला कोर्ट मोकळं मिळतं, आठनंतर सोलापूरच्या उन्हात उभं राहवत नाही.