मदत करून बरं वाटतं, मग तो स्वार्थच का?

तुम्ही विचारलंय, निःस्वार्थ मदत असं खरंच काही असतं का? दुसऱ्यासाठी काही केलं की आपल्याला समाधान मिळतं, म्हणजे तोही स्वार्थच ना? हेच माझ्या नणंदेनं २०१९ च्या पुरानंतर मला तोंडावर ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसले.

त्या ऑगस्टमध्ये आमच्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३. हायवे बंद, पेट्रोल मिळेना, आणि शहराला पाणी उपसून देणारी केंद्रंच बुडाल्यामुळे नळ कोरडे. आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात पाणी शिरलं नव्हतं. तालमीची पोरं घरोघर फिरून भाकऱ्या गोळा करायची. मी रोज चाळीस-पन्नास थापायची, सोबत खर्डा. एक दिवस पोरांबरोबर मीही चित्रदुर्ग मठात गेले. दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यात पुराचं पाणी आलं की तिथली माणसं या मठात येऊन राहतात.

भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. मी भाकरी पुढं केली, तिनं ती हातानं मागं सारली. "सकाळधरनं चारदा भाकरी आली गं बाई. अंगावरचं समदं वल्लं हाय. एखादं जुनेर हाय का?" बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. पदरातनं पाणी ठिबकत होतं आणि मी टोपलीभर भाकऱ्या घेऊन समोर उभी!

घरी आले. माझ्या सगळ्या पाचवारी, आणि तिला लागणार नऊवारी. सासूबाईंची ट्रंक उघडली. वरच त्यांचं जांभळं इरकली होतं, डांबरगोळ्यांच्या वासाचं. पदराच्या टोकाला त्या सुट्टे पैसे बांधायच्या, त्या गाठीची चुणी तशीच राहिलेली. क्षणभर हात थांबला माझा. पण नेऊन दिलं. म्हातारीनं दाराआड जाऊन नेसलं. ना मी तिचं नाव विचारलं, ना कुणी फोटो काढला.

गौरीला वन्सं पुण्याहून आल्या, ट्रंक उघडली, आणि झालं. "आईचं लुगडं परक्या बाईला? तुला लोकांकडनं चांगलं म्हणवून घ्यायचं असतं!"

साफ चूक. बरं वाटतं, नाकारत नाही. पण ते मागनं येतं. जेवल्यावर ढेकर येते म्हणून कुणी ढेकरेसाठी जेवत नाही. अमेरिकेत कॅन्सास विद्यापीठातल्या डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात लोकांना एलेन नावाच्या मुलीला विजेचे झटके बसताना दाखवलं. झटके खोटे होते, बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. काहींना लवकर उठून जायची मोकळीक होती. स्वतःच्या जिवाची तगमग थांबवायची एवढंच असतं, तर ते सुटले असते. पण ज्यांना तिच्याविषयी आतून कळवळा वाटला होता, त्यांतले बहुतेक जाता येत असूनही तिच्या जागी बसायला तयार झाले. आता हे कुणाच्या नावासाठी?

म्हणून सांगते, आपलं मन किती निर्मळ आहे हे तपासत बसू नका. समोरच्याला काय हवंय ते विचारा. भाकरी हवी की कोरडं लुगडं. आणि घरचं कुणी "नावासाठी करतेस" म्हणालं तर ऐकून घेऊ नका. टीव्हीवर पूर बघणाऱ्यांनी मठात उभं राहिलेल्यांचं मन वाचू नये.

हां, वाद संपलेला नाही हेही खरं. कळवळ्यानं आपण उदास होतो आणि ती उदासी घालवायला मदत करतो, असं रॉबर्ट चाल्डिनी या दुसऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं. म्हणजे वन्संची बाजू घेणाराही मोठा माणूस आहे. आणि रस्ते बंद होते म्हणून वन्सं येऊ शकल्या नाहीत. पण फोन चालू होता. लुगडं त्यांच्या आईचं होतं, मी आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर त्यांनी हो म्हटलं असतं, असं मला अजून वाटतं.

ट्रंकेत एक हिरवं इरकली राहिलंय. दर गौरीला मी ते काढून त्यांच्यापुढं ठेवते. त्या पदराचं टोक बोटांनी चाचपतात, आणि घडी करून परत ठेवायला सांगतात.