साहेब ओरडत नाहीत, पण मीटिंगला बोलवत नाहीत आणि कामही काढून घेतलंय. हा मानसिक छळ म्हणायचा का? काय करू?

तुम्ही लिहिलंय की साहेब कधी आवाज चढवत नाहीत, पण काही महिन्यांपासून मीटिंगचं इन्व्हाइट येत नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं, तुमचं काम ज्युनिअरकडे गेलं आणि घरचे म्हणतात तू उगाच मनाला लावून घेतेस. नाही हो, उगाच नाही. माणसाला एकटं पाडायचं आणि मग त्याला काम जमत नाही म्हणायचं, हा छळच आहे.

मी भोसरीत एका कंपनीत परचेसला होते, तिथे शेजारच्या टेबलवरच्या ताईंचं असंच झालं. नवीन मॅनेजर आले, वाकडा शब्द कधी बोलले नाहीत, फक्त एक दिवस न सांगता ताईंचे पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, रिलीज करायचे राइट्स काढले. ताई बटण दाबतायत, एरर येतेय, आयटीवाले म्हणतात वरून आलंय, तिकडे व्हेंडरचे फोनवर फोन, आणि संध्याकाळच्या रिव्ह्यूत तेच मॅनेजर सगळ्यांसमोर शांतपणे विचारतात, पीओ लेट का झाले? त्या रडकुंडीला यायच्या. मग दोघा-तिघांनी बसून त्यांच्याकडून एक साधा मेल करून घेतला: आज सकाळपासून पीओ रिलीज होत नाहीयेत, राइट्स काढले असतील तर पेंडिंग पीओ कोणी करायचे ते कळवा. सीसीत प्लांट हेड. राइट्स लगेच परत नाही मिळाले, पण लेटचं खापर त्यांच्यावर फुटायचं थांबलं.

आता ओळखायचं कसं, तर एकदा चिडून बोलणं म्हणजे छळ नाही, डेडलाइनला कोणीही चिडतं. तेच तेच पुन्हा पुन्हा आणि तुमच्याच वाट्याला येतंय का ते बघा. स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन नावाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं, त्यांचं माप होतं आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने. पण तुम्ही सहा महिने थांबू नका, आजपासून लिहायला लागा. तारीख, वेळ, कोण काय बोललं, समोर कोण होतं, एवढंच, त्याच दिवशी, स्वतःच्या वहीत. मेसेज डिलीट करू नका, फोन बदलला तरी जुना ठेवा, कारण नुसत्या स्क्रीनशॉटवर कोर्टात भागत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत सर्टिफिकेट लागतं. आणि कंपनीच्या फाइली पर्सनल मेलवर पाठवू नका, उलट त्यावरूनच तुम्हाला काढतील.

कायद्याचं स्पष्ट सांगते, खासगी नोकरीतल्या नुसत्या मानसिक छळासाठी आपल्याकडे वेगळा असा एक कायदा नाही. त्रासाला लैंगिक बाजू असेल तर २०१३ चा पॉश कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी आणि तक्रार तीन महिन्यांत करायची. जातीवरून अपमान होत असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा बघा. बाकीच्यांसाठी एचआरला लेखी तक्रार आणि लेबरचा चांगला वकील, तोंडी तक्रारीला काही अर्थ नाही.

आणि हे थांबवायचं काम एकट्या तुमचं नाहीये, हे मला फार वाटतं. मीटिंगमध्ये एक जण जरी बोलला की हे काम तर मॅडम बघायच्या, त्यांना का नाही बोलावलं, तरी फरक पडतो. तुमच्या टीममध्ये असा एक माणूस शोधा, डबा त्याच्यासोबत खा, जागेवर एकट्या खाऊ नका.

झोप उडाली असेल, सकाळी ऑफिसच्या नावाने पोटात गोळा येत असेल तर १४४१६ ला फोन करा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पुढची पायरी बहुतेक पीआयपी, म्हणजे काम सुधारायला दिलेली लेखी मुदत, किंवा केबिनमध्ये बोलवून "तुम्हीच राजीनामा द्या" अशी असेल. तिथे बसून काहीही सही करू नका, वाचून उद्या सांगते म्हणा, आणि बाहेर आल्या आल्या मेल टाका की आज मला राजीनामा द्यायला सांगितलं, कारण लेखी कळवा. सोडायचंच ठरवलंत तर आधी दुसरी ऑफर हातात घ्या, मग रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या, तारखा लेखी मागून घ्या.