हैदराबादेत दोघांची सुट्टी: बिर्याणी किती, बांगडी कुठल्या मापाची?

हैदराबादच्या सहलीविषयी आलेल्या पत्रांपैकी खाणं आणि खरेदी यांवरची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोघं शुक्रवार ते रविवार हैदराबादला जात आहोत. चारमिनारची खरेदी कधी उरकावी? – एक वाचक, परभणी

शुक्रवारी मुळीच नको. सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला पॅलेस दोन्ही शुक्रवारी बंद असतात. दुपारी मक्का मशिदीत नमाजाची गर्दी असते, त्या वेळी आसपासची बरीच दुकानंही शटर ओढून घेतात. शुक्रवार गोळकोंड्याला द्या, शनिवार जुन्या शहराला. रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, वाचणाऱ्यांनी तो चुकवू नये. बेगम बाजारात घाऊक भांडी, सुकामेवा घ्यायचा असेल तर तो रविवारवर ढकलू नका, बहुतेक पेढ्या त्या दिवशी बंद.

मेट्रो अजून चारमिनारपर्यंत पोचलेली नाही. लाल किंवा हिरव्या मार्गाने एमजीबीएस (महात्मा गांधी बस स्थानक) या मेट्रो स्थानकावर उतरा, तिथून रिक्षा मदिना चौकापर्यंत सांगा आणि पुढे चालत जा. याला कारण आहे. चारमिनारच्या भोवती वाहनांना बंदी आहे, आणि मदिन्याहून सरळ चालत गेलं की आधी पत्थरगट्टीची मोत्यांची दुकानं, मग गुलजार हौज, मग चारमिनार आणि त्याच्या पश्चिमेला वळणारा लाड बाजार असा सगळा बाजार ओळीने लागतो. दुकानं अकराच्या सुमारास उघडतात. खरेदी अकरा ते एकमध्ये करा. संध्याकाळी दिव्यांत लाड बाजार देखणा दिसतो खरा, पण त्या झगमगाटात प्रत्येक खडा चमकतो आणि प्रत्येक मोती पांढराशुभ्र भासतो. दिवसा घ्यावं, रात्री नुसतं फिरावं.

दोघांसाठी दोन बिर्याण्या मागवल्या आणि निम्मी टाकून द्यावी लागली. शिवाय भात कोरडा निघाला. आमचं काय चुकलं? – एक वाचक, सोलापूर

तिथली ‘सिंगल’ दोघांना पुरते. एक सिंगल आणि एक रिकामी ताटली मागा. भूक उरलीच तर डबल का मीठा किंवा खुबानी का मीठा आहेच.

कोरडेपणाचं कारण हंडीत असतं. हैदराबादी बिर्याणी ‘कच्च्या गोश्त’ची. दही, मसाला, तळलेला कांदा लावून मुरवलेलं कच्चं मांस तळाशी, त्यावर अर्धवट शिजलेला भात, झाकणाला कणकेची पट्टी लावून दम. सगळा रस आणि मसाला तळाशी राहतो, वरचा थर पांढरा आणि फिका. वाढणाऱ्याचा झारा वरवर फिरला तर ताटात पांढरा भातच येतो. ‘नीचे का मसाला डालो’ म्हणून सांगायला लाजू नका, तिथले लोक रोज सांगतात. दुसरी गोष्ट वेळेची. दुपारी साडेबारा ते दीडमध्ये ताज्या हंड्या उघडत असतात. रात्री उशिरा ज्या हंडीचं झाकण दहा वेळा निघालंय तिची वाफ गेलेली असते, मग नाव कितीही मोठं असो. सोबत येणारं मिरची का सालन भातावर ओतून त्याचा रस्साभात करू नका, घासागणिक थोडं थोडं घ्या.

हलीम, म्हणजे गहू आणि मांस एकजीव होईपर्यंत घोटलेला पदार्थ, खायची असेल तर रमजानात जा. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेला हा पदार्थ खरा त्याच महिन्यातला. मात्र त्या दिवसांत जुन्या शहरातली पुष्कळ हॉटेलं दिवसा बंद असतात, जेवणाचं गणित संध्याकाळनंतरचं धरा.

मी शाकाहारी, यजमान पक्के मांसाहारी. दर जेवणाला माझ्या वाट्याला पनीरच का? – एक वाचक, जालना

दोघांनी एकाच टेबलावर बसायचा हट्ट दिवसातून एकदाच ठेवा, आणि तोही आंध्र पद्धतीच्या ‘मील्स’साठी. पहिला भात पूड आणि तुपाशी, दुसरा पप्पूशी म्हणजे घट्ट डाळीशी, मग पुलुसू म्हणजे चिंचेचा आंबट रस्सा, मग रस्सम, शेवटी दही. आल्याआल्या सगळं कालवलं तर रस्सम येईपर्यंत पोट भरलेलं असतं. गोंगुराची चटणी म्हणजे आपली अंबाडीच, फक्त तिखटाचा हात सढळ. यजमानांना मटणाची वाटी वेगळी मागवता येते.

सकाळी त्यांना निहारी-पायासाठी, म्हणजे रात्रभर शिजवलेल्या मांसाच्या रश्श्यासाठी जाऊ द्या. तो पदार्थ पहाटेचा, नऊ वाजता पोचलं तर पातेलं खरवडलेलं असतं. तुम्ही तेव्हा गुलजार हौजजवळ गोविंदच्या गाडीवर लोण्यातला डोसा किंवा तवा इडली खा. मग दोघं चारमिनारच्या पायथ्याशी निमरामध्ये इराणी चहाला भेटा. या चहाचं डिकाक्शन बंद भांड्यात मुरतं, दूध वेगळं आटवतात आणि दोन्ही कपात एकत्र येतात. साखर बहुतेक ठिकाणी आधीच पडलेली असते, उस्मानिया बिस्किटातही ती असतेच, म्हणून मधुमेह असेल तर अर्ध्या कपावर भागवा.

सालन शेंगदाणे, तीळ, खोबरं आणि चिंचेचं, म्हणजे आपल्या भरल्या वांग्याच्या मसाल्याचं सख्खं भावंड. पण मांसाहारी हॉटेलात त्यात मांसाचा रस्सा पडला आहे का, हे विचारूनच घ्या. नको असेल तर ‘नक्को’ म्हणा, दखनी बोलीत आपलाच शब्द आहे.

लाड बाजारातून लाखेच्या बांगड्या आणल्या. दोन सैल, एक चढेचना, एकीचे खडे पडले. निवडायच्या कशा? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

आधी माप. २.४, २.६, २.८ यातला टिंब दशांशाचा नाही, पुढचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा आहे. २.४ म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच, सुमारे ५७ मिलिमीटर. २.६ म्हणजे सुमारे ६० आणि २.८ म्हणजे अडीच इंच, साडेत्रेसष्ट मिलिमीटर. म्हणूनच २.१० हे माप २.८ पेक्षा मोठं असतं. घरच्या बसणाऱ्या बांगडीचा आतला व्यास पट्टीने मोजून चिठ्ठीवर लिहून न्या. काचेच्या बारीक बांगडीचं जे माप, तेच लाखेच्या रुंद कड्याला चालत नाही. रुंद कडं हाताच्या हाडावर एकाच वेळी बऱ्याच जागी अडतं, तिथे एक माप वरचं घ्या. नवऱ्याला एकट्याला पाठवून बांगड्या आणवू नका, पत्रातला गोंधळ बहुधा तिथलाच.

मग खडे. लाख कोळशावर मऊ करून धातूच्या कड्यावर चढवतात आणि गरम असतानाच एकेक खडा हाताने दाबून बसवतात. लाख थंड होत आल्यावर बसवलेला खडा वरवर टेकलेला राहतो. ओढणीचं टोक किंवा पदराचा काठ बांगडीवरून हलकेच फिरवा. धागा अडकला की तिथला खडा उचललेला आहे, ती बांगडी परत ठेवा. आतल्या बाजूला जोड दिसतो, त्यावर केसासारखी चीर असेल तर तीही नको. लाखेच्या दोन बांगड्या एकमेकींवर आपटल्या तर आवाज बद्द येतो. खणखणला की आत लाख कमी आणि धातू जास्त.

भाव करण्याआधी एकच प्रश्न: ‘सेट’ एका हाताचा की दोन्ही हातांचा? निम्मी भांडणं इथेच होतात. २०२४ मध्ये हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. पण शेजारच्याच काउंटरवर प्लॅस्टिकचा मालही असतो, आणि दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही. घरी आणताना कडक डबीत कापूस घालून ठेवा. उन्हात उभ्या गाडीत ठेवल्या तर लाख नरम पडते आणि खडे सरकतात.

हैदराबादला समुद्र नाही, मग मोती कुठले? फसवणूक कशी टाळावी? – एक वाचक, नाशिक

निजामांच्या आश्रयामुळे मोती विंधणं आणि ओवणं हे कसब इथे रुजलं. आज दुकानातले बहुतेक मोती चीनमध्ये गोड्या पाण्यात वाढवलेले असतात, आणि त्यात फसवणूक काही नाही. फसवणूक होते ती काचेचे मणी मोती म्हणून खपवले जातात तेव्हा. दोन मणी एकमेकांवर हलकेच घासा. खऱ्या मोत्याला बारीक खरखर जाणवते, नकली गुळगुळीत सरकतो. भोकाच्या तोंडाशी रंगाचा पापुद्रा सुटलेला दिसला तर तोही नकलीच. मात्र या परीक्षेने खरा-खोटा कळतो, भाव कळत नाही. भाव मोत्याच्या पाण्यावर, गोलाईवर आणि आकारावर ठरतो. ते पाहायला सर पांढऱ्या कापडावर, दाराच्या उजेडात धरा.

सोळा इंची सरात सहा मिलिमीटरचे साधारण ६५ मोती बसतात, मोजून घ्या. दोन मोत्यांमध्ये गाठ असावी, म्हणजे धागा तुटला तर एकच मोती सांडतो. चिंचपेटी किंवा तन्मणी करायचा असेल तर तिथे तयार दागिना शोधत बसू नका. सुटे सर आणा आणि गावच्या पटवेकऱ्याकडून ओवून घ्या. नथीचे मोती बदलायचे असतील तर जुनी नथ सोबत न्या, आठवणीने रंग जुळत नाही. अत्तर आधी, मोती नंतर. अत्तर लागून मोत्याचं पाणी उतरतं.

साडी, बिस्किटं, बिदरी यांतलं काय आणावं? – एक वाचक, लातूर

पोचमपल्ली इकत घेताना साडी उलटी करा. सूत आधी रंगवून विणलेलं असल्याने नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि कडा किंचित पुसट असतात. उलटी बाजू फिकी आणि कडा काटेकोर असल्या तर छापील. १८ एप्रिल १९५१ ला विनोबांच्या भूदानाची सुरुवात झाली ते पोचमपल्ली हेच, शहरापासून सुमारे ४५-५० किलोमीटर. एक दिवस मोकळा असेल तर विणकरांकडूनच घ्या.

बिस्किटं शेवटच्या दिवशी, बेकिंगची तारीख पाहून. पुतरेकुलू ही तांदळाच्या पापुद्र्यांची मिठाई, तिचे पापुद्रे कागदाइतके पातळ असतात, कडक खोक्यात आणि हातातल्या पिशवीत ठेवा, सुटकेसमध्ये त्यांचा चुरा होतो.

बिदरी बीदरची असली तरी हैदराबादेत भरपूर मिळते. जस्त-तांब्याच्या काळ्या अंगावर चांदीचं जडावकाम असतं. घरी आणल्यावर तिला पितांबरीने घासू नका, काळा रंगच निघून जातो. खोबरेल तेलाचा थेंब मऊ कापडावर घ्या आणि तेवढ्याने पुसा.