नेरूळच्या हरवलेल्या बोक्यासाठी: लांब जाऊ नका, आधी किल्ल्या मागा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. चौथा मजला, एसीवाल्याने ग्रीलची खिडकी उघडी टाकली, नसबंदी झालेला आणि कधी घराबाहेर न पडलेला गुबगुबीत बोका शनिवारपासून दिसत नाही. सोसायटी ऑफिस म्हणतं, "सगळीकडे बघितलं, इथे नाही." आणि तुम्ही दोघं रात्री पाम बीच रोड ओलांडून खारफुटीच्या कडेने हाका मारत फिरताय. तो बाहेर किती दिवस तग धरेल, असं तुम्ही विचारलंय. मी पशुवैद्य नाही, घोडबंदर रोडला राहणारी मांजरवाली आहे. पण हेच सगळं आमच्याकडे झालेलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

खारफुटीकडे जाणं आजपासून थांबवा. घरात वाढलेलं मांजर बाहेर पडलं की हिंडत नाही. मिळेल त्या पहिल्या आडोशात शिरतं आणि गप्प बसतं. तुमची हाक त्याला ऐकू येते, तरी ते ओ देत नाही. आवाज केला तर आपण सापडू, एवढंच त्या वेळी त्याला कळतं. २०१८ मध्ये हरवलेल्या मांजरांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, बाराशेहून जास्त लोकांच्या अनुभवांवर. त्यात सापडलेल्या मांजरांपैकी निम्मी निसटल्या जागेपासून साधारण ५० मीटरच्या आत मिळाली होती, आणि पाऊण हिस्सा ५०० मीटरच्या आत. ५० मीटर म्हणजे तुमची इमारत, पार्किंग आणि शेजारच्या इमारतीची भिंत. नसबंदी न झालेला बोका असता तर मी वेगळं सांगितलं असतं, ते खरोखर लांब जातात.

आता किल्ल्यांचं सांगते, कारण आमचं सगळ्यात जास्त नुकसान तिथे झालं. आमची सोनी नाहीशी झाली त्याच संध्याकाळी मी ऑफिसात जाऊन सांगितलं की पंपरूम, मीटर रूम, फायर डक्ट आणि बंद फ्लॅटच्या ड्राय बाल्कन्या एकदा उघडून दाखवा. मॅनेजर म्हणाले, अर्ज द्या. अर्ज दिला, तर सेक्रेटरी गावाला. ते आले, तर विषय रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ. सीसीटीव्ही मागितला, तर पोलिसांचं पत्र आणा. लिफ्टमध्ये फोटो लावला तो दुसऱ्या दिवशी काढलेला. वर समजूत काढल्यासारखं, "मांजरच ते, सात घरं फिरून येईल." पंपरूम बघितली का, असं मी दर वेळी विचारत होते आणि दर वेळी "हो, बघितली" हेच ऐकत होते. वॉचमनने दारातून बॅटरी मारली होती, तेवढंच त्यांचं बघणं. शेवटी पंप ऑपरेटरच बदलला. नव्या मुलाला कोपऱ्यात लघवीचा वास आला म्हणून तो वाकला, तेव्हा सोनी जुन्या मोटरच्या मागे सापडली. पहिला ऑपरेटर सकाळ-संध्याकाळ पंप चालू-बंद करायला दार उघडायचा. त्यातल्याच एका वेळी ती आत शिरली असणार. भर मे महिना होता. पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या सीलमधून, थेंब थेंब पाणी गळतं, त्यावर ती जगली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. पाणी मिळत असेल तर मांजर बरेच दिवस तग धरतं. पाणी नसेल तर उकाड्यात चार दिवसही जड जातात. पण नुसतं जगणं वेगळं. मांजराचं खाणं पूर्ण बंद झालं की अंगातली चरबी भराभर यकृताकडे जाते, यकृताला ती निस्तरता येत नाही आणि तिथेच साठते. हे काही दिवसांतच सुरू होऊ शकतं, आणि लठ्ठ मांजरांना धोका जास्त. सोनी सापडली तेव्हा तिच्या हिरड्या आणि कानाच्या आतली कातडी पिवळी पडली होती. समोर मासे ठेवले तरी तोंड फिरवायची. मानेतून नळी घालून कितीतरी आठवडे भरवावं लागलं. ती वाचली. पण पहिल्या दिवशी पाच मिनिटं दार उघडलं असतं तर त्या जिवाला हे सोसावं लागलं नसतं, आणि या गोष्टीचा राग मला आजही येतो. तुमचा बोका गुबगुबीत आहे म्हणून हे मुद्दाम सांगते. घाई करा, पण घाई जवळच्या जवळ करा.

म्हणून माझं ठाम मत: "आम्ही बघितलं" यावर विश्वास ठेवू नका. स्वतः आत जा, गुडघ्यावर बसा, प्रत्येक वस्तूच्या मागे बघा. मागणी ईमेलने करा आणि सेक्रेटरी, चेअरमन, खजिनदार सगळ्यांना पाठवा. बहुतेक ठिकाणी सीसीटीव्हीचं जुनं चित्रण पंधरा ते तीस दिवसांत पुसलं जातं, तेव्हा निदान जपून ठेवा असं तरी लेखी मागा. मांजर पाळता कशाला, असा सूर निघाला तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. ऑफिसपेक्षा सफाईवाल्या मावशी, कचरा उचलणारी मुलं, इस्त्रीवाले आणि पहाटेचा दूधवाला यांच्याशी जास्त बोला. इमारतीचा कानाकोपरा त्यांनाच माहीत असतो. सगळ्या कमिट्या वाईट असतात असं नाही, तुमची कदाचित चांगली असेल.

खिडकीतून गेलाय म्हणजे आधी छज्जे बघा. खालच्या मजल्यांचे छज्जे, एसीच्या बाहेरच्या युनिटमागची जागा, शेजारचा डक्ट. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्यांना दार वाजवून खिडकीतून बघू द्या म्हणून विनंती करा. पडला असेल तर बरोबर खिडकीखालून भिंत धरून दोन्ही बाजूंना शोधा, झुडपं, पाइप, गाड्यांची खालची बाजू, सगळं. उंचावरून पडलेली मांजरं वाचतात. न्यूयॉर्कमधल्या, १९८७ साली छापलेल्या एका नोंदीत दवाखान्यात आणलेल्या १३२ मांजरांपैकी ज्यांच्यावर उपचार झाले त्यातली सुमारे ९० टक्के वाचली होती, अर्थात जागीच गेलेली त्यात धरलेली नाहीत. चालताना दिसला तरी एक्स-रे काढाच. फुप्फुसाचा मार आणि फाटलेली टाळू वरून कळत नाही.

शोधायची वेळ रात्री दोन ते चार. बॅटरी कपाळाच्या उंचीवर धरा आणि उजेडाच्या रेषेतच बघा, डोळे चमकतात. दहा जण घेऊन जाऊ नका. एकटीने जमिनीवर बसा आणि घरात त्याच्याशी बोलता तसं हळू बोला. सुका जवळा तव्यावर गरम करून जवळ ठेवा, वास लांब जातो. तो फक्त वासापुरता, खारट असतो, खायला नेहमीचंच द्या. लिटर बॉक्स, म्हणजे त्याचा शी-शूचा डबा, बाहेर ठेवा असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही, कारण त्या वासाने आवारातले बोके येतात आणि लपलेलं मांजर आणखी आत सरकतं. इथे मतभेद आहेत, हे मान्य.

दोन गोष्टी राहिल्या. सोसायटीत उंदरांचं औषध कुठे टाकलंय ते पेस्ट कंट्रोलवाल्याला विचारा, औषध खाल्लेला उंदीर खाऊनही मांजर दगावू शकतं. आणि त्याची एखादी खास खूण पोस्टरवर न लिहिता स्वतःपाशीच ठेवा. "मांजर माझ्याकडे आहे, आधी गाडीभाडं पाठवा" असे फोन येतातच. ती खूण विचारा, व्हिडिओ मागा, त्याआधी एक रुपयाही देऊ नका.

सापडला की भरपूर खाऊ घालू नका. थोडं पाणी, थोडं खाणं, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे यकृताची रक्ततपासणी. खायला लागला तरी तपासणी टाळू नका.

दिसतो पण हाती येत नाही असं झालं तर पिंजरा लागेल. माझ्याकडे घडीचा एक आहे. मेसेज करा, ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने मी स्वतः नेरूळ स्टेशनला आणून देते.