मुलगी सिस्टर व्हायचं म्हणते. एकदा गेली की कायमची गेली का?

तुम्ही विचारलंय की मुलगी यंदा बारावी झाली, सिस्टर, म्हणजे कॅथलिक धर्मभगिनी, व्हायचं म्हणते. एकदा कॉन्व्हेंटात गेली की परतीचा रस्ता बंद होतो का, आणि तिचं शिक्षण, पगार, घरातला वाटा यांचं काय?

रस्ता बंद होत नाही. आज निघाली तरी कायमची व्रतं घ्यायला तिला साधारण सात ते दहा वर्षं लागतील. चर्चने हा काळ मुद्दाम लांब ठेवलाय, कारण विशीच्या आतल्या उत्साहावर जन्मभराचं वचन घेऊ नये. त्यामुळे आज घरात रडारड करण्यापेक्षा पुढची प्रत्येक पायरी नीट समजून घेतलीत, तर तिला त्याचा खरा आधार होईल.

आपण सगळ्यांनाच सरसकट ‘नन’ म्हणतो. मठाच्या आत राहून प्रार्थनेला वाहून घेणाऱ्या, उदाहरणार्थ कार्मेलाइट, यांचं आयुष्य वेगळं असतं. शाळेत, दवाखान्यात, वृद्धाश्रमात दिसतात त्या धर्मभगिनी. मी त्यांच्याबद्दल लिहितेय.

आधी काही महिने किंवा वर्षभर ती ॲस्पिरंट म्हणून राहते, मग पोस्ट्युलंट. या काळात अंगावर सिस्टरचा वेश नसतो, व्रतं नसतात. सोबत राहायचं, स्वयंपाक-झाडलोट करायची, भाषा शिकायची, प्रार्थनेची सवय लावायची. मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचं प्रशिक्षण. चर्चच्या कायद्याप्रमाणे त्यासाठी वयाची १७ वर्षं पूर्ण लागतात, आणि बाप्तिस्मा, दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा पुढचा संस्कार) व अविवाहित असल्याचे दाखले द्यावे लागतात. नोव्हिशिएट किमान १२ महिन्यांचं असतं, तेही नोव्हिशिएटच्या घरातच काढायचं. एकूण तीन महिन्यांहून जास्त दिवस बाहेर गेले तर ते वर्ष धरलंच जात नाही. पंधरा दिवसांहून जास्त गेले तर ते भरून काढावे लागतात. म्हणून ‘आजी आजारी आहे, महिनाभर पाठवा’ असं म्हणण्याआधी तिथल्या मदरशी बोला. या वर्षात कॉलेज किंवा नोकरीही चालत नाही. बऱ्याच संस्था नोव्हिशिएट दोन वर्षांचं ठेवतात.

त्यानंतर पहिली व्रतं : दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. वय १८ पूर्ण हवं. ही व्रतं तात्पुरती असतात. बहुतेक ठिकाणी दरवर्षी नवी करतात, आणि हा काळ किमान तीन, एरवी जास्तीत जास्त सहा वर्षांचा असतो, फार गरज पडली तर नऊ. कायमची व्रतं वयाची २१ वर्षं झाल्याशिवाय घेताच येत नाहीत.

परत येण्याचं म्हणाल, तर नोव्हिस, म्हणजे नोव्हिशिएटमधली मुलगी, कुठल्याही दिवशी बॅग उचलून घरी येऊ शकते, कारणही सांगावं लागत नाही. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की पुन्हा व्रतं न घेता निघता येतं. मुदतीच्या मधेच निघायचं असेल तर संस्थेच्या प्रमुख सिस्टर आपल्या सल्लागार मंडळाच्या संमतीने सोडवतात. कायमच्या व्रतांनंतर मात्र परवानगी रोमहून किंवा बिशपांकडून लागते. संस्था पोपच्या अधिकाराखाली आहे की धर्मप्रांताच्या, यावर ते ठरतं. व्रतं न मोडता काही काळ संस्थेबाहेर राहायचीही सोय आहे. मदर तेरेसांनी १९४८ मध्ये लोरेटो या आपल्या आधीच्या संस्थेचं कॉन्व्हेंट सोडून कोलकात्याच्या वस्त्यांत पाऊल ठेवलं, ते अशाच परवानगीवर. मिशनरीज ऑफ चॅरिटी ही त्यांची संस्था त्यानंतर, १९५० मध्ये उभी राहिली.

आता पैशाचं. सिस्टरला स्वतःचा पगार नसतो. ती शिक्षिका किंवा नर्स म्हणून जे कमावते, पुढे पेन्शन मिळाली तर तीही, संस्थेची. बदल्यात तिचं जेवण, औषधपाणी, म्हातारपण ही संस्थेची जबाबदारी. अनुदानित शाळेतल्या सिस्टरच्या पगारातून आयकर कापला जातो. रक्कम संस्थेला जाते म्हणून तो कापू नये, हे म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळलं.

घरातल्या वाट्यावर मी थोडं जास्त लिहिते, कारण भांडणं इथेच होतात. पहिल्या व्रतांआधी तिला आपल्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्या कुणाकडे सोपवावा लागतो आणि कायमच्या व्रतांआधी मृत्युपत्र करावं लागतं. कारभार सोपवणं म्हणजे मालकी सोडणं नव्हे. शाळा-दवाखान्यांत काम करणाऱ्या बहुतेक संस्थांत मालकी तिच्याकडेच राहते. भारतीय वारसा कायद्यात ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, आणि सिस्टर झाल्याने तो आपोआप जात नाही. ‘आता तुला कशाला हवंय’ म्हणत भावांनी हक्कसोडपत्र पुढे केलं, तर तिला सही करायची घाई करू देऊ नका. ती परत आली तर उभी कशावर राहणार? सोडून येणाऱ्या सिस्टरला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. संस्थेने तिच्याशी न्यायाने आणि मायेने वागावं एवढं चर्चचा कायदा सांगतो, पण रक्कम कुठेही लिहिलेली नाही.

म्हणून प्रवेशाआधी प्रोव्हिन्शियल सिस्टरला, म्हणजे संस्थेच्या त्या विभागाच्या प्रमुखांना, थेट विचारा : शिक्षण कधी आणि कुठलं देणार, कुठल्या भाषेत? नोव्हिशिएट कुठल्या राज्यात? घरी यायला किती वर्षांनी मिळतं? मराठी शाळेत शिकलेली मुलगी एकदम इंग्रजी-हिंदी वातावरणात पडली की ती गप्प होते, आणि हे गप्प होणं नम्रता म्हणून खपून जातं. त्याच्याकडे लक्ष ठेवा. दाखले, गुणपत्रिका, आधार यांच्या प्रती घरी असू द्या. जुनं दुखणं, मनाचं असलं तरी, लपवू नका. व्रतांनंतर झालेल्या आजारामुळेसुद्धा पुढची व्रतं नाकारता येतात. संस्थेच्या हयगयीने किंवा तिथल्या कामामुळे तो जडला असेल तर मात्र नाही.

आणि सेवा. मुलींच्या डोळ्यांपुढे निळ्या काठांची पांढरी साडी असते. मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या सिस्टरजवळ अशा तीन साड्या, आंघोळ-धुण्याची एक बादली, जपमाळ, क्रूस, ताट-चमचा, असं मोजकंच सामान असतं. पहाटे पाचच्या आधी उठणं, प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली रोजची उपासना), मग काम. हे काम कसं असतं? अंथरुणाला खिळलेल्या आजीची दर दोन तासांनी कूस बदलायची. चादरीला एक चुणी राहिली तरी माकडहाडापाशी कातडी लाल होते, बोटाने दाबल्यावर ती लाली गेली नाही की तिथे जखम सुरू झालीच म्हणून समजायचं. ओलं कापड लगेच बदलायचं, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. रात्री तीनलाही हेच. आजी शिव्या देत असली तरी हेच.

यातलं सगळ्यात अवघड व्रत माझ्या मते आज्ञापालनाचं. ब्रह्मचर्याबद्दल लोक विचारत बसतात, पण तुटायला होतं ते बदलीच्या पत्राने. चार वर्षं जीव लावून उभी केलेली बालवाडी सोडून पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी जायचं, आणि तिथे स्वभाव न जुळणाऱ्या पाच जणींबरोबर एकाच टेबलावर जेवायचं. हे जिला प्रार्थनेच्या बळावर पेलतं ती टिकते. प्रेमभंग, घरातलं भांडण किंवा नापास होणं यांतून सुटायला आलेली मात्र सहसा नोव्हिशिएटमध्येच कोसळते.

तुमच्या लेकीला आधी सुट्टीत महिनाभर एखाद्या वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून पाठवा. जमलं तर दोन वेगवेगळ्या संस्थांची व्होकेशन शिबिरंही, म्हणजे या जीवनाची ओळख करून देणारी शिबिरं, करू दे. गेली, आणि दोन वर्षांनी परत आली, तर स्टेशनवर घ्यायला स्वतः जा. शेजारपाजारच्यांना काय सांगायचं ते तिच्याकडून वदवून घेऊ नका, तुम्हीच आधी सांगून ठेवा.