चाचे, दरोडेखोर आणि बारा सागरी मैल

प्रश्न असा आला आहे: सोमालियाजवळ जहाज पळवले की बातमीत ‘चाचे’ येतात आणि सिंगापूरच्या सामुद्रधुनीत जहाजावर चढून लूट केली की ‘सशस्त्र दरोडा’. दोन्हीकडे माणसे होडीतूनच येतात, हत्यारेही तीच. मग शब्द दोन का? आणि ‘चाचे’ लिहायचे की ‘चांचे’?

शब्द दोन आहेत कारण गुन्हे दोन आहेत, आणि त्यांच्यातला फरक हत्यारात नसून जागेत आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे साधारण बावीस किलोमीटरपर्यंतचे पाणी त्या त्या देशाचे. तिथे जहाज लुटले तर तो त्या देशातला दरोडा. पोलीस त्यांचे, न्यायालयही त्यांचेच. ती हद्द ओलांडून पलीकडे तेच कृत्य केले की त्याला चाचेगिरी म्हणतात आणि मग कोणत्याही देशाची युद्धनौका त्या माणसांना पकडू शकते. सिंगापूरची सामुद्रधुनी इतकी अरुंद आहे की तिथले बरेचसे पाणी कुणा ना कुणाच्या हद्दीत मोडते. सोमालियाच्या टोळ्या मात्र किनाऱ्यापासून शेकडो मैल आत जातात. बातमीदार शब्द बदलतो तो यामुळे, आणि ते बरोबरच आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराने चाचेगिरीला आणखी दोन अटी घातल्या आहेत. हेतू खाजगी हवा आणि जहाजे दोन हवीत: एकावरून हल्ला, दुसऱ्यावर झालेला. त्यामुळे खलाशांनी तांडेलाला, म्हणजे आपल्याच नाखव्याला, कोंडून स्वतःचीच बोट ताब्यात घेतली तर ते बंड. त्याला चाचेगिरी म्हणणे चूक. १९८५ मध्ये ‘अकिले लाउरो’ हे इटालियन प्रवासी जहाज भूमध्य समुद्रात पळवले गेले तेव्हा हीच अडचण आली. पळवणारे प्रवासी म्हणूनच आत शिरले होते, दुसरे जहाज नव्हतेच. एका प्रवाशाचा खून झाला, तरी चाचेगिरीची व्याख्या तिथे बसेना. ती फट बुजवायला १९८८ मध्ये रोमला वेगळा करार करावा लागला.

नेमका शब्द नसला की काय होते, हे मुंबईने फार जवळून पाहिले आहे. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज अॅल्युमिनियमच्या लाद्या भरून इंडोनेशियातून निघाले आणि वाटेतच लुटारूंनी ते ताब्यात घेतले. सतरा खलाशांना तराफ्यावर सोडून दिले. बऱ्याच दिवसांनी मच्छीमारांनी त्यांना वाचवले. इकडे जहाजावरचे नाव खोडून त्यावर ‘मेगा रामा’ असे रंगवले गेले. नोव्हेंबरमध्ये ते अरबी समुद्रात दिसले. तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने पाठलाग केला, मग नौदलाची ‘प्रहार’ आली. पकडले जाणार हे दिसताच आतल्यांनी जहाजाला आग लावून ते बुडवायचाही प्रयत्न केला. पंधरा इंडोनेशियन मुंबईत आणले गेले.

आता खटला कशाचा चालवायचा? भारतीय दंड संहितेत चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता. मग जमिनीवरच्या गुन्ह्यांची कलमे गोळा करून खटला उभा केला. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा ठोठावली, २००५ मध्ये उच्च न्यायालयातून आरोपी सुटले. मला हे प्रकरण शब्दचर्चेत आणावेसे वाटते, कारण रोजच्या बोलण्यात ‘चाचे’ म्हणणारे आपण सगळे होतो, पण कायद्याकडे तो शब्द नव्हता. तो आला २०२२ च्या चाचेगिरीविरोधी कायद्याने. २०२४ च्या मार्चमध्ये ‘रुएन’ जहाजावरून पकडलेल्या ३५ सोमाली चाच्यांना नौदलाची ‘कोलकाता’ मुंबईत घेऊन आली, तेव्हा मुंबई बंदरातल्या येलो गेट पोलिसांच्या हाती तो कायदा होता.

‘खाजगी हेतू’ या अटीमुळे आपल्याकडचा एक जुना आरोपही तपासून पाहता येतो. इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांना चाचा ठरवले आणि त्यांच्याकडे पाहून काही मराठी लेखकांनीही तो शब्द उचलला. मला तो मान्य नाही. कान्होजी छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. मराठ्यांच्या समुद्रातून जायचे तर दस्तक, म्हणजे परवाना, घ्या, असा त्यांचा नियम होता आणि इंग्रजांना तोच नको होता. अठराव्या शतकातल्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्यकारभारावरच्या ग्रंथात, आरमाराच्या प्रकरणात ‘कौली’ (कौल म्हणजे अभय घेतलेले) आणि ‘गैरकौली’ सावकार असा भेद केलेला आहे. कौल घेतलेल्याच्या तरांड्याला, म्हणजे जहाजाला, धक्का लावायचा नाही, हा दंडक. ज्याच्याकडे परवाना देण्याचा आणि तो तपासण्याचा अधिकार आहे, तो सत्ताधीश झाला. चाचा कुणाला दस्तक देत नाही. (‘अलोंड्रा रेनबो’चा पाठलाग करणाऱ्या नौकेचे नाव ‘ताराबाई’ असावे, हा योग मला फार आवडतो. कान्होजींची कारकीर्द घडली त्यात ताराराणींचा काळही येतो.)

लेखनाचे म्हणाल तर आज ‘चाचे’ लिहावे. जुन्या कोशांत ‘चांचा’ सापडतो, पण १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. एकवचन चाचा, सामान्यरूप चाच्या-: चाच्याने, चाच्यांनी, चाच्यांचा. हिंदीतल्या काकाशी घोटाळा होईल म्हणून ‘समुद्री चाचे’ लिहितात, ते चालेल. मात्र मराठी वाक्यात चाच्यांनी जहाज पळवले म्हटल्यावर कुणाला काका आठवत नाहीत, म्हणून मी ‘समुद्री’ गाळतो. तो अनुस्वार गुजरातीत अजून ठणठणीत आहे: चांचियो. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, अमरेली जिल्ह्यात, चांच नावाचे बंदर आहे आणि तिकडची माणसे हा शब्द त्या गावावरूनच आला असे सांगतात.