घरच्या स्टुडिओत आंदोलनाचं गाणं रेकॉर्ड करताना
आधी शब्द. अशा गाण्यात एक ओळ जरी गिळली गेली तरी मुद्दाच हरवतो. म्हणून मुख्य आवाजासाठी माइक तोंडापासून वीतभर लांब, मधे पॉप फिल्टर (प-फ-ब म्हणताना येणारा हवेचा झोत अडवणारी जाळी), गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड रजई. रेकॉर्डिंगची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती उचलायचा ते, सगळ्यात जोरकस घोषणेवर लावा, मीटर उणे १० डेसिबलच्या वर जाता कामा नये. हळू आवाजातल्या ओळीवर लावलात तर घोषणेला आवाज फाटेल, आणि फाटलेला टेक (एका वेळचं रेकॉर्डिंग) नंतर नीट होत नाही.

कोरसला गर्दी लागत नाही. चौघं माइकपासून चार फुटांवर, चार टेक, दर टेकला जागांची अदलाबदल. एकच टेक कॉपी केला तर नुसता मोठा होतो, माणसं वाढत नाहीत. क्लिक, म्हणजे लय धरायची टिकटिक, कान पूर्ण झाकणाऱ्या बंदिस्त हेडफोनमध्येच द्या, नाहीतर ती माइकमध्ये शिरते. टाळ्या शेवटी, वेगळ्या ट्रॅकवर.